डिंक, डाग आणि धातूचा घोटा

मुंबईहून भुसावळमार्गे इटारसीकडे जाणारी गाडी बुऱ्हाणपूर सोडते, असीरगड रोड मागे पडते आणि मग चांदनी येते. लांब पल्ल्याच्या गाड्यांना इथे थांबण्याचे फारसे कारण नसते. पुढचे नेपानगर मात्र साऱ्या देशाला ठाऊक असायला हवे, कारण भारताचा वर्तमानपत्री कागद पहिल्यांदा तिथे तयार झाला. ही गिरणी १९४७ मध्ये खासगी कंपनी म्हणून निघाली, १९४९ मध्ये राज्य सरकारने ताब्यात घेतली आणि एप्रिल १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली. तेव्हा या राज्याची राजधानी नागपूर होती. नवा मध्य प्रदेश व्हायला अजून सहा महिने होते. गिरणीला लागणारी वीज चांदनीच्या औष्णिक केंद्रातून यायची आणि लाकूड सातपुड्याच्या उतारांवरून.

हे लाकूड सालईचे होते. सागाच्या भावात न बसणारे, घरबांधणीला फारसे न चालणारे, खडकाळ टेकाडांवर दुसरे काही जगत नाही तिथे तग धरणारे झाड. पांढुरक्या, पापुद्रे सुटणाऱ्या खोडाची ही झाडे उन्हाळ्यात निष्पर्ण उभी असतात. सालईचा दळलेला लगदा आणि बांबूचा रसायनाने शिजवलेला लगदा एकत्र करून नेपाचा कागद बनत असे. पुढच्या काही दशकांत सालई मागे पडली आणि गिरणी रद्दी कागदाकडे वळली. २०१६ मध्ये ती नूतनीकरणासाठी थांबली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली.

गिरणीने सालईचे लाकूड नेले, पण या झाडाची खरी ख्याती लाकडाची नाही. खोडाची साल पातळ तासली की तिथून सुगंधी डिंक पाझरतो. हिवाळ्यात चिरा द्यायच्या, पावसाळ्याआधी डिंक गोळा करायचा, हा सातपुड्यातला जुना उद्योग. देवापुढे तो धूप म्हणून जळतो. वैद्यांच्या पोथीत तो शल्लकीचा निर्यास असतो, हकिमांच्या दुकानात कुंदुर. आणि दोन्हीकडे तो सांध्यांच्या दुखण्यावर दिला जातो. या झाडाचे बॉसवेलिया सेराटा हे शास्त्रीय नाव १८०७ मध्ये छापून आले. ते प्रसिद्ध करणारे हेन्री कोलब्रुक त्याआधी नागपूरच्या भोसल्यांच्या दरबारी इंग्रजांचे वकील होते. युरोपात चर्चमध्ये जळणाऱ्या धुपाचा भारतीय भाऊबंद कोणत्या झाडातून येतो, याचा शोध ते घेत होते.

पावणेदोनशे वर्षे हा विषय वनस्पतिशास्त्रज्ञांच्या कपाटात पडून राहिला. १९८० च्या दशकात जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सालई गुग्गुळाचा, म्हणजे याच डिंकाचा, सुजेवर काय परिणाम होतो याचे प्रयोग झाले आणि सल्लकीच्या गोळ्या औषधाच्या दुकानात आल्या. पुढे जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठात डिंकातली आम्ले शरीरातल्या सूज वाढवणाऱ्या एका विकराला अडवतात, हे दाखवण्यात आले. २००३ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी काहींना सालईचा अर्क आणि काहींना नकली गोळी, मग आठ आठवड्यांनी अदलाबदल. अर्क घेताना दुखणे आणि सूज कमी झाली, चालणे वाढले. क्ष-किरण चित्रातली झीज मात्र जशीच्या तशी राहिली. हे प्रामाणिक निरीक्षण सल्लकीच्या जाहिरातींत क्वचितच सापडते.

आता यातली गंमत अशी की ते तीसही रुग्ण गुडघ्याचे होते. सांध्यांची गोष्ट निघाली की ती गुडघ्यावर जाते, फार तर खुब्यावर. ज्याच्यावर माणूस उभा असतो त्या घोट्याचे नाव यादीत शेवटी येते किंवा येतच नाही. सालईच्या जंगलातल्या दगडगोट्यांत पाय मुरगळतो तो मात्र घोट्यातच.

घोट्याची ही उपेक्षा अगदी अकारण नाही. जगातल्या प्रौढांपैकी सुमारे एक टक्क्याला घोट्याची झीज असते, असा अंदाज वैद्यकीय लेखनात नेहमी येतो. गुडघ्याचे रुग्ण त्याच्या कितीतरी पट. नडगीच्या हाडाचे खालचे टोक आणि दोन्ही बाजूंचे घोटे मिळून एक खाच होते. त्या खाचेत टॅलस नावाचे हाड सुताराने बसवलेल्या कुसासारखे घट्ट बसते. गुडघ्यात कूर्चेचा थर काही ठिकाणी सहा मिलिमीटरपर्यंत जाड असतो, घोट्यात तो जेमतेम एक ते दीड. चालताना या चिंचोळ्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या पाचपट भार येतो. इतके असूनही तो आयुष्यभर टिकतो, कारण त्याची बसण्याची जागा अचूक असते.

ती अचूकता गेली की सगळे बिघडते. १९७६ मध्ये रॅम्से आणि हॅमिल्टन या अमेरिकी डॉक्टरांनी मृत शरीरांच्या घोट्यांवर एक मोजणी केली. टॅलस अवघा एक मिलिमीटर बाहेरच्या बाजूला सरकवले, तर दोन हाडांचा परस्परांना टेकणारा पृष्ठभाग सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो. म्हणजे तोच भार निम्म्याहून थोड्या अधिक जागेवर. एक मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही आणि पोटरीवरून हात फिरवणाऱ्या हाडवैद्याच्या बोटांनाही लागत नाही.

म्हणूनच घोट्याची झीज ही वयाची झीज नव्हे. गुडघा म्हातारपणाने जातो, असे ढोबळपणे म्हणता येते. घोटा बहुधा जुन्या अपघाताने जातो. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांमध्ये घोट्याच्या झिजेच्या दर दहा रुग्णांपैकी सात-आठ जणांच्या मागे पूर्वीचे मोडलेले हाड किंवा वारंवार मुरगळून सैल झालेल्या शिरा निघतात. इजा आणि शेवटची अवस्था यांत साधारण वीस वर्षे जातात. तिशीत मोटारसायकलवरून पडलेला माणूस पन्नाशीत लंगडतो आणि दोन गोष्टींचा संबंध त्याच्या डोक्यातही येत नाही. हे रुग्ण तुलनेने तरुण असतात, कमावते असतात, आणि उपचाराचा सारा पेच तिथूनच सुरू होतो.

जुन्या वैद्यकाला हा संबंध दिसला होता, असे म्हणायला जागा आहे. वातकंटक नावाच्या विकाराचे वर्णन सुश्रुतसंहितेत आणि इतर जुन्या आयुर्वेद ग्रंथांत येते. पाय उंचसखल जागी वाकडा पडल्याने किंवा श्रमाने वायू घोट्याच्या जागी ठाण मांडतो आणि वेदना होते, असे त्याचे कारण दिले आहे. त्यावरचा उपचार कडक आहे: वरचेवर रक्त काढणे, एरंडेल पाजणे, सुयांनी डाग देणे. शरीरातल्या १०७ मर्मांपैकी घोट्याचे गुल्फ मर्म हे प्राणघातक नव्हे, तर वेदना देणारे म्हणून मोजले आहे. ज्याने लंगडणारी माणसे पाहिली होती त्यानेच हे लिहिले असावे.

हाडे मोडल्यावर काय करावे, हा सुश्रुतसंहितेतला भाग तर आजच्या अस्थिरोगतज्ज्ञालाही थबकवणारा आहे. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांची साल आणि बांबूच्या कामट्या बांधायला वापराव्यात. पट्टी थंड ऋतूत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी. पट्टी सैल झाली तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार आवळली तर सूज येते, हेही सांगितले आहे. नडगी किंवा मांडी मोडली तर रोग्याला फळीवर झोपवून पाच खुंट्यांमध्ये पाय अडकवायचा. त्यातली एक खुंटी थेट तळपायाशी. घोटा हलू नये यासाठी इतका विचार पुढे कित्येक शतके फारसा कोणी केला नाही.

बुऱ्हाणपूर ही हकीम-वैद्यांची जुनी पेठ. फारुकी सुलतानांनी वसवलेले, १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर पुरते मोगलांच्या हाती गेलेले आणि दख्खनच्या स्वाऱ्यांचे तळ झालेले हे शहर. जिथे फौजा, घोडे आणि हत्ती तिथे मोडलेली हाडे ओघाने आलीच. आजही या एका शहरात दोन परंपरांची दोन महाविद्यालये नांदतात: सैफिया हमीदिया युनानी तिब्बिया महाविद्यालय आणि पंडित शिवनाथ शास्त्री यांच्या नावाचे सरकारी आयुर्वेद महाविद्यालय. युनानीत सांधेदुखीला वजा-उल-मफासिल म्हणतात आणि तिच्यावरचे नाणावलेले औषध म्हणजे सुरंजान. सुरंजान ज्या कुळातले कंद, त्याच कुळातून कोल्चिसीन मिळते आणि युरिक ॲसिड साचून सांधा सुजला तर आजचा एमडी डॉक्टरही तेच लिहून देतो. हकिमांची ती निवड काळाच्या कसोटीला उतरली, एवढे मान्य करायला हरकत नसावी.

शिकलेल्या हकीम-वैद्यांपलीकडे गावागावांत आणखी लोक होते. शिंगाची तुंबडी लावून ‘खराब रक्त’ ओढणारे भटके वैदू, पिढीजात हाडवैद्य, कोरकूंच्या पाड्यांवरचे भूमका. खानदेश-निमाडात घोटा सुजला की निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाचे पान गरम करून बांधणे, कांडवेलीचा लेप, बिब्ब्याचा चटका, आणि काहीच चालले नाही तर तापलेल्या सळईचा डाग. पन्नाशी-साठीच्या पुढच्या पायांवर अशा डागांचे वण अजून दिसतात. डागाने वेदना काही काळ विसरते, कारण नवी वेदना जुनीला झाकते. सांध्याच्या आत मात्र काही पोचत नाही. शेक, आधाराची पट्टी आणि विश्रांती हा भाग आजही टिकून आहे. नुकत्याच मोडलेल्या घोट्याला तेल लावून चोळणे आणि ‘चालत राहा, मोकळा होईल’ असे सांगणे, हा भाग मात्र क्षमा करण्यासारखा नाही. वर सांगितलेला एक मिलिमीटर इथेच हरवतो.

युरोपातही चित्र काही वेगळे नव्हते. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७६० च्या दशकाच्या शेवटी घोट्याच्या मोडीचे वर्णन केले आणि ती मोड अजून त्यांच्या नावाने ओळखली जाते. हाड कातडीबाहेर आले असेल तर त्या काळी पाय कापणे हाच शहाणपणा मानला जाई. १८४२ मध्ये एडिंबरोच्या जेम्स साइम यांनी घोट्यातून पाऊल काढून टाचेची कातडी खाली आणण्याची पद्धत काढली. गुडघ्याखाली पाय तोडण्यापेक्षा ती दयाळू होती, इतकेच. भूल आली, जंतुनाशन आले, १८९५ मध्ये क्ष-किरण आले. मग कुठे आतले हाड सरकले आहे की नाही, हे जिवंत माणसात पाहता येऊ लागले.

दरम्यान ऑस्ट्रियाच्या एदुआर्द आल्बर्ट यांनी एक उफराटा विचार केला. १८८० च्या सुमारास त्यांच्यासमोर लकव्याने पाय लुळे पडलेला कोवळ्या वयाचा रुग्ण होता. लुळा सांधा हलतो म्हणूनच पाय भार घेत नाही, तर मग तो हलूच देऊ नये. त्यांनी सांध्याच्या दोन्ही बाजूंची कूर्चा खरवडली आणि हाडाला हाड भिडवून ते एकजीव होऊ दिले. सांधा जखडण्याची, म्हणजे फ्यूजनची, ही शस्त्रक्रिया दुखण्यासाठी नव्हे तर दुबळेपणासाठी जन्मली. दुखणारा सांधा हललाच नाही तर दुखणार कसा, हे नंतर लक्षात आले.

भारतात तिचे पीक आले ते पोलिओमुळे. मुंबईत हाजी अलीजवळच्या मुलांच्या अस्थिरोग रुग्णालयापासून जिल्ह्याच्या शिबिरांपर्यंत, लुळ्या पावलांचे सांधे जखडून त्यांना जमिनीवर सपाट टेकवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले. क्षयाने खाल्लेले घोटे आणि कुष्ठरोगात संवेदना गेल्याने चुरा झालेले घोटेही त्यात होते. १३ जानेवारी २०११ ही देशातल्या शेवटच्या पोलिओ रुग्णाची तारीख. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पोलिओ ओसरला, तोवर रस्त्यांवर दुचाक्यांचा पूर आला होता आणि शस्त्रक्रियागृहाला नवे घोटे मिळू लागले होते.

फ्यूजन भरवशाचे केले ते मँचेस्टरच्या जॉन चार्नली यांनी. १९५१ मध्ये त्यांनी घोट्याची दोन हाडे बाहेरून पिना आणि स्क्रू लावून एकमेकांवर दाबून धरण्याचे तंत्र मांडले. दाबाखाली हाड लवकर जुळते. हेच चार्नली १९६० च्या दशकात खुब्याच्या कृत्रिम सांध्याचे जनक ठरले. एका सांध्याला त्यांनी कायमचे थांबवले, दुसऱ्याला पुन्हा चालवले. आणि पुढची दोन दशके डॉक्टरांना वाटत राहिले की खुब्याला जे जमले ते घोट्यालाही जमेल.

ते जमले नाही. फ्रान्समध्ये लॉर्ड आणि मारोत यांनी १९७० मध्ये पहिला कृत्रिम घोटा बसवला. खुब्याचा सांधा जवळपास उलटा करून त्यांनी लांब दांडा नडगीच्या हाडात घुसवला, टॅलस काढून टाकले आणि टाचेच्या हाडात सिमेंटने वाटी बसवली. अशा २५ शस्त्रक्रियांपैकी १२ फसल्या आणि समाधानकारक म्हणाव्यात अशा जेमतेम सात निघाल्या. त्यांनी प्रयोग थांबवला. अमेरिकेत मेयो क्लिनिकने १९७४ पासून आपला सांधा बसवायला सुरुवात केली; १९९६ मध्ये त्याच संस्थेच्या डॉक्टरांनी १६० घोट्यांचा हिशेब मांडला, तेव्हा ३६ टक्के अपयशी ठरले होते. हा सांधा आता वापरू नये, असे त्यांनी स्वतःच लिहिले. आपल्या घरचे अपयश असे छापण्याला धाडस लागते, आणि त्याने पुढच्यांची बरीच वर्षे वाचली.

चूक कुठे होती? सिमेंट घालण्यासाठी हाड फार कापले जाई आणि आतले हाड नरम असल्याने धातू त्यात खचे. घोटा नुसता वरखाली होत नाही, थोडा फिरतो आणि कलतोही. फक्त बिजागिरीसारखे हलणारे सांधे त्या पिळाने सैल होत. वर घोट्याभोवती मांसाचे आच्छादन नाही, कातडीखाली लगेच हाड, त्यामुळे जखम चिघळण्याचा धोका. डेन्मार्कच्या होकोन कोफोद यांनी १९७८ पासून वेगळा आराखडा रचला. १९८१ मध्ये तो पहिल्यांदा बसवला गेला आणि १९८६ पासून त्यात दोन धातूंच्या मधे सरकणारी प्लास्टिकची चकती आली, पुढे सिमेंटशिवाय हाड थेट धातूला धरू लागले. ‘स्टार’ नावाच्या या सांध्याला अमेरिकेची परवानगी मिळायला २००९ साल उजाडले. तोवर स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेत आणखी आराखडे पुढे आले होते. आज वेगवेगळ्या देशांच्या नोंदवह्या पाहिल्या तर दहा वर्षांनंतर शंभरातले सुमारे सत्तर ते नव्वद सांधे जागेवर असतात. गुडघा-खुब्याच्या मानाने हा आकडा अजून तोकडा आहे.

भारतात गुडघेबदल घराघरात पोचला त्याला एक निमित्त झाले. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला आणि पुढच्या वर्षी उजवा. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन रणावत मूळ मध्य प्रदेशातल्या सरवानियाचे, इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आधुनिक गुडघ्याचा आराखडा रचणाऱ्या तिघांपैकी ते एक. नंतर पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय बांध्याला बसेल असा ‘इंडस’ गुडघा तयार करून घेतला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. घोट्याला असा कोणी पंतप्रधान लाभला नाही. देशात घोटेबदल होतो तो मोजक्या शहरांत आणि मोजक्या हातांनी. आणि घोट्याच्या बाबतीत शस्त्रक्रिया करणाऱ्याचा सराव ही चैन नसून गरज आहे.

सांधा तोडणे, जखडणे आणि बदलणे यांच्या मधल्या वाटाही याच काळात निघाल्या, आणि त्यांत आपल्या ओळखीचे बरेच काही आहे. जपानच्या नारा शहरातले योशिनोरी ताकाकुरा यांनी १९९५ मध्ये नडगीचे हाड घोट्याच्या वर तिरके कापून पाऊल सरळ करण्याचे निकाल मांडले. सांध्याची एकच बाजू झिजली असेल, तर भार दुसऱ्या, शाबूत बाजूवर न्यायचा. त्याआधी १९७५ मध्येच जपान्यांनी आपला कृत्रिम घोटाही बनवला होता. जमिनीवर बसणाऱ्या समाजाला घोट्याची काळजी आधी वाटावी, यात नवल नाही.

दुसरी वाट सायबेरियाच्या कुर्गान शहरातून आली. गाव्हरिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात तारा आणि कड्यांची चौकट पायाभोवती बसवून हाड हळूहळू ताणण्याचे तंत्र विकसित केले. पश्चिमेला ते कळले १९८० नंतर, जेव्हा इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी आपला वर्षानुवर्षे न जुळलेला पाय तिथे बरा करून आला. डच डॉक्टरांनी १९९० च्या दशकात हीच चौकट घोट्याला लावली: दोन हाडांत काही मिलिमीटरची फट ठेवायची, तीन महिने सांध्याला विसावा द्यायचा आणि कूर्चेला सावरण्याची संधी द्यायची. काहींना वर्षानुवर्षे फायदा होतो, काहींना नाही. बुऱ्हाणपूरहून सातपुडा ओलांडला की अकोला लागते. या तंत्राचे देशभर नावाजलेले केंद्र तिथे आहे आणि वाकड्या, आखडलेल्या पावलांची माणसे दूरदूरहून येतात.

दुर्बिणीची कथाही रंजक आहे. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी मृत शरीरांवर प्रयोग करून सांगितले की घोटा फार अरुंद आहे, त्यात दुर्बीण घालता येणार नाही. जपानी डॉक्टरांनी उपकरण बारीक केले आणि १९७२ पर्यंत मासाकी वातानाबे घोट्याच्या आत पाहून आले होते. आता वाढलेले हाडाचे कंगोरे काढणे आणि सांधा जखडणेही दोन-तीन लहान छिद्रांतून होते.

इंजेक्शनांचा बाजार मात्र सावधपणे पाहावा. स्टेरॉइडने काही आठवडे आराम पडतो. रुग्णाच्याच रक्तातला प्लेटलेटचा अंश सांध्यात टोचण्याची टूम शहरोशहरी पोचली आहे. २०२१ मध्ये नेदरलँड्समध्ये घोट्याच्या झिजेच्या १०० रुग्णांवर त्याची पारख झाली. निम्म्यांना प्लेटलेट, निम्म्यांना मिठाचे पाणी. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले. त्यापेक्षा वजन घटवणे, घोट्याला धरून ठेवणारा पट्टा, तळ पुढे-मागे गोलाकार असलेला बूट आणि विरुद्ध बाजूच्या हातातली काठी हे उपाय स्वस्त आहेत आणि निदान फसवत तरी नाहीत. अनेकांची शस्त्रक्रिया त्यांच्यामुळे काही वर्षे पुढे ढकलली जाते.

हे सारे संपल्यावर मूळ प्रश्न उरतोच: जखडायचा की बदलायचा? ब्रिटनमधल्या १७ रुग्णालयांत ५० ते ८५ वयाच्या ३०३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले गेले. निकाल २०२२ मध्ये आला. वर्षभरानंतर दोन्ही गटांचे चालणे-उभे राहणे खूप सुधारले होते आणि दोहोंतला फरक ठामपणे सांगावा एवढा नव्हता. बदललेल्यांत जखम भरायला त्रास झालेले शंभरात तेरा, जखडलेल्यांत सहाच्या आत. उलट जखडलेल्यांपैकी शंभरात सात जणांचे हाड नीट जुळले नाही आणि त्याचा त्रास राहिला.

आकड्यांनी न सुटलेला गुंता निमाडात वेगळ्या प्रश्नांनी सुटतो. माणूस शेतात उकिडवा बसतो का? घरी शौचालय कोणत्या पद्धतीचे आहे? नमाजाला किंवा पंगतीला जमिनीवर बसतो का? जखडलेल्या घोट्याने सपाट रस्त्यावर चांगले चालता येते, कारण पावलाच्या मधले सांधे थोडी लवचीकता उसनी देतात. उकिडवे बसणे मात्र बहुधा सुटते, आणि ती उसनवारी पंधरा-वीस वर्षांत त्या सांध्यांची झीज होऊन फेडावी लागते. कृत्रिम सांधा थोडी हालचाल राखतो, पण केळीच्या बागेत ओझे उचलणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला तो सहसा देत नाहीत. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल, सांध्यात पूर्वी जंतुसंसर्ग झाला असेल किंवा टॅलसचा रक्तपुरवठाच आटला असेल, तर बदलाचा विषय बंद होतो. साठीच्या पुढचा, बेताच्या वजनाचा, फार धावपळ नसलेला आणि दुसऱ्याही घोट्यात किंवा पावलाच्या सांध्यांत झीज असलेला रुग्ण असेल, तर डॉक्टर कृत्रिम सांध्याकडे झुकतात.

पैशांचा आणि प्रवासाचा हिशेब वेगळाच. फ्यूजनला काही स्क्रू लागतात आणि चांगला अस्थिरोगतज्ज्ञ जळगाव, खंडवा किंवा इंदूरला ते करू शकतो. नंतर दोन-तीन महिने पाय टेकायचा नाही, म्हणजे रोजंदारी बुडाली. बदलासाठी मोठ्या शहराची वारी, महागडा सांधा आणि पुढची अनेक वर्षे तपासणीसाठी फेऱ्या. सांधा सैल झाला तर तो काढून दुसरा बसवता येतो किंवा शेवटी घोटा जखडता येतो. पण तोवर हाड बरेच गेलेले असते, कमरेचे हाड काढून ती पोकळी भरावी लागते आणि पाय किंचित आखूड होतो. म्हणून बरेच शल्यविशारद पहिल्याच भेटीत रुग्णाला दोन गोष्टी विचारतात: पूर्वी हा पाय कधी मोडला होता का, आणि तेव्हाच्या एक्स-रेच्या फिल्म घरात कुठे असतील का.